सात किलोमीटर पाण्याखालचा पाच मीटरचा भ्रंश : जपान गर्तेतील एका बोअरचे प्रकरण

पार्श्वभूमी

११ मार्च २०११ रोजी जपानच्या तोहोकू किनाऱ्यासमोर ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. पॅसिफिक भूपट्ट जपानखाली सरकतो तिथली ही हालचाल. दोन भूपट्टांमधला हा सांधा म्हणजे एक अतिविशाल थ्रस्ट फॉल्ट, म्हणजे ज्यात वरचा खडक खालच्या खडकावर चढत जातो असा कमी उताराचा भ्रंश. असे भ्रंश फुटतात ते किनाऱ्याकडच्या खोल, कठीण खडकात, ही तोपर्यंतची समजूत. गर्तेलगतचा, म्हणजे भूपट्ट जिथे खाली जातो तिथल्या समुद्रतळावरच्या खोल खंदकालगतचा, उथळ टप्पा मऊ, पाणी भरलेल्या गाळातून जातो. तिथली माती वेग वाढला की घट्ट धरते, म्हणून खालून आलेली सरक तिथे येऊन मंदावते, असे बहुतेक आकृत्यांत दाखवलेले असे.

तोहोकूने ती आकृती मोडली. १९९९ मध्ये ज्या रेषेवरून समुद्रतळाचे मापन झाले होते, त्याच रेषेवर भूकंपानंतर पुन्हा मापन केले गेले. गर्तेच्या काठापर्यंतचा तळ समुद्राकडे सुमारे ५० मीटर सरकला होता आणि काही मीटर वर उचलला गेला होता. सर्वाधिक सरक त्या मऊ टोकाशीच झाली होती. त्सुनामी एवढी मोठी का झाली, याचे उत्तर याच टोकाशी होते.

उत्तर शोधायला भ्रंशात बोअर घालणे भाग होते. ते काम करू शकणारे ‘चिक्यू’ हे जहाज भूकंपाच्या दिवशी हाचिनोहे बंदरात होते आणि त्सुनामीत त्याचा एक थ्रस्टर तुटून गेला. खोल पाण्यात जहाज नांगरता येत नाही. हे फिरते पंखे त्याला उपग्रहाच्या साहाय्याने एका जागी धरून ठेवतात. तो दुरुस्त होऊन १ एप्रिल २०१२ रोजी मोहीम सुरू झाली. भूकंपाला तोवर तेरा महिने होत आले होते.

प्रश्न

प्रश्न वरवर साधा होता. भ्रंश सरकला तेव्हा त्याच्या दोन बाजूंमध्ये घर्षण किती होते?

भूकंपलहरींवरून ताणात झालेली घट कळते, शिल्लक राहिलेला ताण कळत नाही. घर्षण मोजायचा सरळ मार्ग उष्णतेचा. तळहात घासले की गरम होतात, तसाच भ्रंशही होतो. एक चौरस मीटर भ्रंशावर तयार झालेली उष्णता म्हणजे सरासरी कातर ताण (भ्रंशाच्या पृष्ठाला समांतर लागणारा ताण) गुणिले सरक. सरक माहीत आहे. उष्णता मोजली की ताण निघतो.

अडचण वेळेची. एका पातळ थरात निर्माण झालेली उष्णता दोन्ही बाजूंच्या गाळात पसरत जाते आणि तिचे शिखर वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात खाली येते. एका वर्षानंतर जेवढा फरक दिसेल त्याच्या निम्मा चार वर्षांनी, तिसरा हिस्सा नऊ वर्षांनी. तैवानमध्ये १९९९ च्या चि-चि भूकंपानंतर अशीच मोजणी झाली होती. तिथे सुमारे सहा वर्षांनी हाती आलेला फरक होता जेमतेम ०.०६ अंश सेल्सियस. एवढा लहान फरक खडकाच्या उष्णतावाहकतेतल्या बदलानेही पडू शकतो. तोहोकूत घर्षण कमी असण्याची शक्यता धरली, तर दोन वर्षांच्या आसपास मोजणी होणे आवश्यक होते.

दुसरी अडचण जागेची. पाण्याची खोली सुमारे ६,९०० मीटर, आणि त्याखाली भ्रंश आणखी आठशे मीटर.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला निर्णय बोअर कुठे घालायचा हा. गर्तेच्या अक्षाजवळ गेले की भ्रंश उथळ मिळतो, पण पाणी वाढते आणि चिखलाचे कडे कोसळत राहतात. किनाऱ्याकडे सरकले की पाणी कमी होते, पण भ्रंश झपाट्याने खोल जातो. भूकंपीय छेदचित्रांवरून (तळाखाली पाठवलेल्या ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींतून काढलेल्या थरांच्या चित्रांवरून) निवडलेली जागा अक्षापासून काही किलोमीटर जमिनीकडे होती. तिथे भ्रंश पाइपच्या आवाक्यात येत होता. एवढी लांब पाइपची माळ स्वतःच्या वजनानेच ताणली जाते. म्हणून ‘आणखी शंभर मीटर खाली जाऊ’ हा निर्णय इथे सहज घेण्यातला नव्हता.

दुसरा निर्णय पद्धतीचा. चिक्यूवर रायझर आहे, म्हणजे जहाजापासून समुद्रतळापर्यंत जाणारी बाहेरची नळी, जिच्यातून जड चिखल परत वर येतो आणि बोअरच्या भिंतींना आधार देतो. पण तो २,५०० मीटर पाण्यापर्यंतच चालत असे. त्यामुळे रायझरविना, समुद्राचे पाणी दाबून आणि अधूनमधून दाट चिखलाची फेरी सोडून बोअर घालावा लागणार होता. असा बोअर फार काळ उघडा राहत नाही. बोअर घालून पाइप काढायचा आणि मग तारेवरून उपकरणे सोडायची, ही नेहमीची पद्धत इथे बाद झाली. बिटच्या, म्हणजे पाइपच्या छेदणाऱ्या टोकाच्या, मागेच मापनयंत्रे बसवून छेदतानाच नोंद घेणे हाच मार्ग उरला. कोयनेत भूकंप अभ्यासासाठी ३ किलोमीटरचा पथदर्शी बोअर बेसॉल्ट ओलांडून ग्रॅनाइटमध्ये गेला. कठीण खडकाच्या तशा बोअरमध्ये नंतर उपकरणे उतरवायची सोय राहते. गर्तेतल्या चिखलात ती नसते.

तिसरा निर्णय सर्वांत अवघड, क्रमाचा. हातात जेमतेम आठ आठवडे. करायची कामे तीन : छेदताना नोंदी, कोअर (खडकाची दंडगोलाकार कांडी) काढणे, तापमानाचे संवेदक बसवणे. प्रत्येकाला स्वतंत्र बोअर हवा, आणि दर वेळी साडेसात किलोमीटरहून लांब पाइप जोडत खाली न्यायचा व सुटा करत वर आणायचा. उष्णता रोज कमी होत असल्याने संवेदक आधी बसवावेत, असे म्हणायला जागा होती. पण भ्रंश नेमका कितव्या मीटरवर आहे हे कळल्याशिवाय संवेदक अंधारात सोडल्यासारखे झाले असते. भूकंपीय छेदचित्रात एवढ्या खोलीवर काही दहा मीटरची अनिश्चितता सहज असते. म्हणून नोंदी प्रथम, हे ठरले. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय हाच, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर उभी राहिली.

काय केले

पहिला उपयोगी बोअर समुद्रतळाखाली ८५०.५ मीटरपर्यंत गेला. समुद्रपृष्ठापासून मोजले तर ७,७४० मीटर. यंत्रांनी दोन गोष्टी नोंदवल्या : नैसर्गिक गॅमा किरणोत्सर्ग, जो चिकणमाती किती आहे ते सुचवतो, आणि बोअरच्या भिंतीची विद्युत रोधकता, जिच्यातून भिंतीचे चित्र तयार होते आणि थरांचा उतार व भेगा वाचता येतात.

नोंदीत एक सोडून दोन संशयित जागा निघाल्या. एक ७२० मीटरच्या आसपास, दुसरी ८२० मीटरच्या आसपास.

इथे घाई केली असती तर मोहीम फसली असती. ७२० वर थरांची मांडणी बदलत होती. एखाद्याने ‘हाच भ्रंश’ म्हणून संवेदक तिथपर्यंतच सोडले असते, तर खरा भ्रंश शंभर मीटर खाली राहिला असता. उलट फक्त ८२० वर विश्वास ठेवला असता, तर ७२० ची जागा न तपासता सुटली असती. वरचा बहुतेक भाग कोअर न काढता छेदून जायचा आणि साधारण ६५० मीटरपासून खाली, दोन्ही संशयित जागा धरून, कोअर काढायचे असे ठरले. एकूण २१ कोअर आले, मिळालेला खडक सुमारे ५३ मीटर.

निवाडा दगडानेच केला. ७२० च्या वरही करडा-तपकिरी मडस्टोन (चिखलाचा घट्ट झालेला खडक) होता आणि खालीही तोच. म्हणजे तिथे तुटातूट असली, तरी एकाच जातीच्या गाळावर त्याच जातीचा गाळ चढलेला. ८२१.५ मीटरपासून सुरू होणाऱ्या सतराव्या कोअरमध्ये मात्र एकदम वेगळी माती आली : गडद, तपकिरी-काळपट, मासळीच्या खवल्यांसारखी चकाकती पापुद्री असलेली. नखाने दाबली तर पापुद्र्यांवरून सुटते. त्याखाली तपकिरी मडस्टोन, आणि ८३० मीटरच्या पुढे खोल समुद्रातली माती व चर्ट (सिलिकाचा फार कठीण खडक), म्हणजे येणाऱ्या पॅसिफिक भूपट्टावरचा गाळ. गर्तेच्या पलीकडे १९७७ मध्ये घातलेल्या एका जुन्या बोअरमध्ये तळाजवळ अशीच खोल समुद्री माती मिळाली होती. भूपट्टांचा सांधा ८२० च्या आसपासचाच, हे नक्की झाले.

या कोअरविषयी एक तपशील पुष्कळदा चुकीचा वाचला जातो. या मातीचा प्रत्यक्ष हाती आलेला भाग सुमारे एक मीटर आहे. तिच्या वरचा आणि खालचा काही भाग कोअरमध्ये आलाच नाही. म्हणून भ्रंशपट्ट्याची जाडी ‘एक मीटर’ म्हणता येत नाही. ती पाच मीटरपेक्षा कमी आहे एवढेच म्हणता येते, कारण वरचा आणि खालचा न फाटलेला खडक तेवढ्या अंतरात मिळतो. शिवाय कोअर अर्धवट भरून आला, तर तो छेदलेल्या टप्प्याच्या माथ्याला चिकटवून नोंदवण्याचा संकेत आहे. प्रत्यक्षात तो तुकडा त्या टप्प्यात आणखी खालून आलेला असू शकतो. खोलीचे आकडे दशांशात दिसतात म्हणून ते तितके अचूक समजू नयेत.

संवेदकांचे काम त्या मोहिमेत पूर्ण झाले नाही. समुद्रतळावरचे बोअरचे तोंड दाखवणाऱ्या पाण्याखालच्या कॅमेऱ्यात व त्याच्या केबलमध्ये बिघाड झाले. सात किलोमीटर खाली आंधळेपणाने तोंडात पाइप घालणे शक्य नव्हते. दिवस संपले आणि २४ मे रोजी मोहीम थांबली. जुलैमध्ये जहाज पुन्हा नेले गेले. नवा बोअर घालून त्यात सडपातळ पोलादी नळी उतरवली आणि तिच्या आत दोरावर ५५ तापमान संवेदक टांगले. भ्रंशाजवळ दोन संवेदकांतले अंतर १.५ मीटर ठेवले. दोन वर्षांत उष्णता दहाएक मीटर पसरलेली असणार, त्यामुळे तिचा उंचवटा पकडायला हे अंतर पुरेसे होते. भूकंपाला तेव्हा सोळा महिने झाले होते.

या रचनेतला धोका असा की किनाऱ्यापर्यंत तार नव्हती. संवेदक आपापल्या स्मृतीत नोंद ठेवत होते. ते परत काढले नसते तर मोहिमेचा अर्धा उद्देश समुद्रात राहिला असता. २०१३ च्या एप्रिलमध्ये ‘काइको ७००० टू’ या दूरनियंत्रित पाणबुडीने ते काढून आणले. या पाणबुडीची मर्यादा सात हजार मीटर, आणि तळ ६,९०० च्या आसपास.

संवेदक नऊ महिने ठेवण्याला भौतिक कारण होते. बोअर घालताना थंड पाणी फिरवल्याने भोवतालचा गाळ थंड होतो आणि ती खळबळ भ्रंशाच्या संकेतापेक्षा मोठी असते. पण बोअर एक रेषा आहे, भ्रंश एक पृष्ठ. रेषेभोवतीची खळबळ साधारण वेळेच्या व्यस्त प्रमाणात मावळते, पृष्ठाची उष्णता वर्गमुळाच्या. त्यामुळे महिने लोटतात तशी बोअरची खळबळ पुसली जाते आणि भ्रंशाचा उंचवटा उभा राहतो. आठवडाभराच्या नोंदीवरून हा फरक करता आला नसता.

निष्पत्ती

८१९ मीटरच्या आसपास ०.३१ अंशाचा उंचवटा मिळाला. त्यावरून काढलेली उष्णता प्रति चौरस मीटर २७ मेगाजूल. ५० मीटर सरकीने भागले की सरासरी कातर ताण ०.५४ मेगापास्कल येतो. त्या खोलीवर वरच्या गाळाचे, छिद्रातल्या पाण्याचा दाब वजा करून उरणारे वजन साधारण ७ मेगापास्कल. भागाकार, म्हणजे आभासी घर्षणांक, ०.०८. बहुतेक खडकांचा घर्षणांक ०.६ ते ०.८५ असतो.

कारण मातीत सापडले. खवल्यांच्या मातीत सुमारे ७८ टक्के स्मेक्टाइट होते. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी जी खनिजे, तीही स्मेक्टाइट गटातलीच. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाण्याचे थर बसतात आणि पापुद्रे एकमेकांवरून निसटतात. प्रयोगशाळेत हीच माती सेकंदाला १.३ मीटर वेगाने घासली, तेव्हा ती वेगवान सरकीत फारच कमकुवत ठरली. पाणी बाहेर पडायला वाट नसलेल्या स्थितीत ती आणखी कमकुवत झाली. सरकताना गरम झालेले छिद्रातले पाणी प्रसरण पावते, दाट मातीतून निसटू शकत नाही, आणि वरचे वजन स्वतःवर उचलून धरते. मग दोन्ही बाजूंना अडवणारे फारसे काही उरत नाही.

बोअरच्या भिंतीला पडलेल्या तड्यांवरून ताणाची दिशाही वाचली गेली. भूकंपापूर्वी दाबाखाली असलेला वरचा भाग आता जवळजवळ मोकळा, उलट ताणला जाणारा दिसला. साठलेला बहुतेक सगळा ताण एका सरकीत संपला होता.

आणखी एक गोष्ट अनपेक्षितपणे हाती लागली. ७ डिसेंबर २०१२ रोजी त्याच परिसरात ७ हून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा संवेदक बोअरमध्येच होते. त्यानंतरच्या तापमान नोंदीत तुटलेल्या पट्ट्यांतून पाणी सरकल्याच्या खुणा आल्या. म्हणजे सरकताना पाणी अडवून धरणाऱ्या या भ्रंशाच्या आसपासच्या भेगा एरवी पाणी वाहू देतात.

कुठे अडते

०.०८ हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो आणि त्याच्या मागचे ‘आभासी’ हे विशेषण गळून पडते. तो काढताना भूकंपापूर्वीचा छिद्रदाब सामान्य, म्हणजे वरच्या पाण्याच्या स्तंभाएवढाच धरला आहे. बोअरमध्ये दाब मोजलेला नाही. दाब आधीच जास्त असेल तर परिणामी वजन कमी होईल आणि मातीचा स्वतःचा घर्षणांक वाढेल. ताणाचा आकडा तुलनेने भक्कम आहे, घर्षणांकाचा तितका नाही. सरकही त्या नेमक्या जागी ५० पेक्षा कमी असेल, तर ताण त्या प्रमाणात वाढेल.

दुसरी उणीव संवेदकांच्या मांडणीत. भ्रंशाच्या वर ते भरपूर होते, खाली फारसे उतरले नव्हते. उंचवट्याचा वरचा उतार नीट दिसला, खालचा गणिताने पूर्ण करावा लागला. चाळीस-पन्नास मीटर खालपर्यंत साखळी गेली असती, तर दोन्ही बाजूंच्या वाहकतेचा फरक प्रत्यक्ष तपासता आला असता. त्यासाठी बोअर तेवढा खोल टिकायला हवा होता आणि चर्टमध्ये बिट लवकर झिजते. त्यामुळे हा दोष नियोजनाचा कमी, परिस्थितीचा जास्त.

तिसरी अडचण अशी की २०११ ची नेमकी सरकरेषा कोणी पाहिलेली नाही. कोअर आणि संवेदक वेगवेगळ्या बोअरमधले. कोअरमधल्या मातीत दोन रंगांच्या पट्ट्यांची एक धारदार सीमा आहे, ती उमेदवार. पण न मिळालेल्या भागातही अशी सीमा असू शकते. पुढे कोअरमधल्या सेंद्रिय रेणूंवर झालेल्या उष्णतेच्या खुणा तपासल्या, तेव्हा एकापेक्षा अधिक पृष्ठांवर जुन्या मोठ्या सरकी झाल्याचे दिसले, त्यांतली काही वरच्या मडस्टोनमध्ये. मऊ माती सर्व सरक स्वतःकडे घेते, हे दर भूकंपाला खरे असेलच असे नाही.

दुसऱ्या थ्रस्ट पट्ट्यांना हे निष्कर्ष लावताना मातीचा थर आधी शोधावा. जपान गर्तेत येणाऱ्या भूपट्टावर गाळ थोडा आहे आणि त्यात स्मेक्टाइटचा एक ठळक थर आहे. म्हणून भ्रंश एकाच ठिकाणी, पातळ झाला. दक्षिणेकडे नानकाई गर्तेत जमिनीवरून आलेला वाळू-चिखलाचा गाळ कितीतरी जाड. तिथल्या टोकाच्या थ्रस्टमध्येही सेंटिमीटरभर जाडीच्या पट्टीत ४०० अंशांच्या आसपास तापल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. म्हणजे तिथेही उथळ सरक झालेली आहे, पण खडकाची मांडणी वेगळी. वाळूचे थर असलेल्या खोल समुद्री गाळांत भ्रंश एका पृष्ठावर न राहता अनेक फांद्यांत विभागतो. तिथे एका कोअरवरून जाडी ठरवणे चुकीचे.

पुन्हा तिथेच

२०२४ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये चिक्यू त्याच जागी परतले. या वेळी गर्तेच्या पलीकडे, अजून न दबलेल्या भूपट्टावरही बोअर घेतला. २०१२ मध्ये तुलनेसाठी १९७७ च्या, बऱ्याच लांबच्या बोअरवर अवलंबून राहावे लागले होते, ती उणीव यामुळे भरली. भ्रंशाच्या ठिकाणी या वेळी पाइप समुद्रपृष्ठापासून ७,९०६ मीटरपर्यंत गेला, २०१२ पेक्षा दीडशेहून अधिक मीटर खोल. तापमानाचे नवे संवेदकही बसवले आहेत. वर्गमुळाच्या नियमाने, दोन वर्षांनी ०.३१ अंश असलेला उंचवटा चौदा वर्षांनी सुमारे ०.१२ वर यायला हवा. तो तिथे, तेवढाच आणि अधिक रुंद होऊन मिळाला, तर तो पाण्याच्या प्रवाहाचा नसून घर्षणाचाच होता हे पक्के होईल.